पलीकडची खुंटी

"ताई, आता सगळं भरून काढायचं ठरवलंय मी," असं म्हणत धाकट्याने नव्या मिक्सरचं खोकं तिच्या ओट्यावर ठेवलं. मागे भावजय उभी होती, केवढं मोठं मन केलं आम्ही, असा चेहरा करून.

थोरलीने खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्याच्या फरश्या पुसून सालटी निघालेली बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "खड्डा एकीकडे, माती दुसरीकडे. कसं भरायचं रे ते?"

"मग काय हवं तुला?"

"बाबांचा रंधा. आणि त्यांच्या कारखान्यात, सुतारकामाच्या बाकावर जागा."

भावजयीला हसू आवरेना. "वन्सं, या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी माझी फरशी पुसून होईपर्यंत पाय तरी उचलले का कधी?"

थोरली सुताराची पहिली लेक, आणि डावरी. परकर सावरत ती बापाबरोबर रंधा मारायची. बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, "हिचा हात बसलाय." मग धाकट्याला मिसरूड फुटलं आणि हत्यारं त्याच्याकडे गेली. हिच्यासाठी स्थळं आली. बाप प्रेमळ होता. प्रेमळ माणसंही पोरींच्या हातातलं काढून घेतात. फार तर काढताना डोक्यावरून हात फिरवतात.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात हजर. धाकटा वैतागून म्हणाला, "ही फळी तासून दाखव. जमलं तर अर्धं बाक तुझं. नाही जमलं तर मुकाट्याने मिक्सर घ्यायचा."

"आण फळी."

तो स्वतः जिथे उभा राहायचा तिथेच त्याने तिला उभं केलं. तिने रंधा धरला आणि रेटला. तो अडखळला, उडाला, फळीचा टवका घेऊन गेला. पुन्हा रेटला, पुन्हा टवका. करवतीवरचा म्हातारा कारागीर मान खाली घालून उगाच भुसा झाडू लागला.

"राहू दे ताई. हात गेला तुझा," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

तेवढ्यात तिची नजर बाकाच्या पलीकडच्या कडेला गेली. तिथे एक जाड लाकडी खुंटी वर आली होती आणि तिला धाकट्याच्या डब्याची पिशवी लटकत होती.

"ती खुंटी कशाची रे?"

"कोण जाणे. बाबांच्या वेळची आहे. डबा टांगायला बरी पडते."

थोरली हसली. पोरीचा डावा हात बांधून ठेव, सरळ होईल, असं सगळे सांगत होते, तेव्हा बापाने हात तसाच ठेवला होता आणि बाकाला पलीकडून खुंटी ठोकली होती. फळी तिला टेकवायची आणि बापासमोर उभं राहून डाव्या हाताने रेटायचं. इतकी वर्षं तिच्या जागेवर भावाची भाजी-पोळी लटकत होती.

ती बाकाला वळसा घालून पलीकडे गेली.

"डबा काढ तुझा."

त्याने काढला. तिने फळी खुंटीला टेकवली, पाय रोवले, खांद्यातून जोर दिला. रंधा गायला लागला. कांद्याच्या पापुद्र्यासारखं सालपट वर आलं, वळत वळत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, तुटलं नाही. मग दुसरं. मग तिसरं. म्हातारा कारागीर जवळ येऊन म्हणाला, "मालक, बघताय काय? बाजूला व्हा, तिला जागा लागते."

धाकट्याने फळीवरून तळहात फिरवला. कुठेच अडला नाही.

"वन्सं, मग मिक्सरचं काय करायचं?" दारातून बघत उभ्या असलेल्या भावजयीने हळूच विचारलं.

"तू ठेव गं. तुलाही कुणी काही दिलं नसेल."

पुढच्या सकाळी धाकटा आला, तेव्हा ती रंध्याचं पातं घासत बसली होती. सवयीने त्याचा पिशवीचा हात खुंटीकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्याने भिंतीत एक खिळा ठोकला आणि डबा तिथे टांगला.

खिळा वाकडा गेला होता. थोरलीने पाहिलं आणि पातं घासत राहिली.