बंजरातली भज्जी

"साखळी उचला आधी! जवारी मोडायलीय!" सटवाजी ओरडला.

मोजणीची माणसं थबकली. बांधावर उभ्या किशनराव पटवाऱ्यानं मान पुसली. "बोंबलू नको. तहसिलीचा हुकूम हाय. हे बंजर सरकारी पड म्हणून देशमुखाच्या जावयाच्या नावानं झालंय."

"बंजर? डोळे हायेत का फुटले?"

छातीएवढ्या ज्वारीपुढं उभं राहून हा माणूस बंजर म्हणतो, याला काय म्हणावं! अकरा वर्षांपूर्वी इथं खरंच काही नव्हतं. नदीकडं जाणारी घळ दर पावसाळ्यात गाव कुरतडत होती. सटवाजीनं आणि त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, डोक्यावर दगड वाहिले, घळीत आडवे बांध घातले, गाळ अडवला. गाव हसलं. पुढं गावच्या आडाला चैत्रातही पाणी राहू लागलं, तेव्हा हसणारेच घागरी घेऊन आले. आज त्यांतलं एकही माणूस इकडं फिरकलं नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो.

सटवाजीला स्वतःचीही चीड येत होती. किशनराव दरसाल चावडीत बसूनच पाहणी लिहायचे. "तुझ्या रानाला बंजरच लिवतो, सारा लागायचा न्हाई," म्हणायचे आणि हा खुळा हात जोडायचा. उपकार फेडायला दर हंगामात ओल्या हरभऱ्याचा भारा त्यांच्या दारात टाकून यायचा.

"माझा हरभरा खाल्ला, तवा दिसलं न्हाई व्हय बंजर?"

"कागदावर हाय ते हाय. मी काय करू?"

सटवाजीनं बांधातला दगड उपसला. साखळीवाले मागं सरले. तेवढ्यात कडब्याच्या खोपीतून बायनाबाई बाहेर आली.

"दगड ठिवा खाली. आज येळवस हाय, रान पुजायची अवस. रानात आलेलं माणूस उपाशी धाडीत न्हाईत. बोलवा त्येन्ला जेवायला."

"ह्येला? म्या बोलवू?"

"रीत रानाची हाय. रान कुणाच्या का नावावर असंना."

सटवाजीनं दगड खोपीच्या दाराशी आपटला. "चला," तो पटवाऱ्याला म्हणाला. "जेवा."

येळवशीच्या जेवणाला नाही म्हणायची पटवाऱ्याचीही छाती झाली नाही. पत्रावळीवर ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, बाजूला आंबील. खाली मान घालून तो जेवू लागला. जिभेला चव लागली तसं त्याला राहवेना. "बाई, भज्जी लय ग्वाड झालीय. आणिक वाढा."

बायनाबाईनं वाढली. "तूर, वटाणा, हरभरा, समदं ह्याच बंजरातलं हाय."

घास हातातच राहिला.

"थांबू नका," सटवाजी म्हणाला. "पोटभर जेवा. मंग मोजा."

त्यानं आंबिलीचं मडकं उचललं, दाराशी पडलेला दगडही काखेत घेतला आणि दरसालासारखा आंबील शिंपडत रानाला फेरी घालायला निघाला. वाटेत साखळी आडवी पडली होती. ती त्यानं ओलांडली. एकही कोपरा सोडला नाही.

फेरी संपवून तो बांधाशी आला. दगड उपसलेल्या जागेतून माती ओघळायला लागली होती. सटवाजीनं मडकं खाली ठेवलं, दगड फिरवून फिरवून जागेवर बसवला आणि हलेनासा होईपर्यंत टाचेनं ठोकत राहिला.