आठ घागरी

सहावी घागर भरली आणि जमनाबाईनं रांजणात पुन्हा तांब्या घातला. तांब्या तळाला खरखरला. तिनं रांजण तिरपा करून पाहिला, गाळायचं फडकं पिळून पाहिलं, उगाच एकदा मागंही वळून पाहिलं. भिंतीशी ठेवलेल्या दोन घागरी अजून कोरड्या ठाक होत्या.

पाणी तिनं स्वतःच्या हातानं मोजून ओतलं होतं, मोजून आठ घागरी. निघाल्या मात्र सहा.

धाकट्या मुलाच्या, देवलाच्या सगाईची दारू होती ही. उद्या ती मुलीच्या तांड्यात पोचवायची होती आणि तिथला नाईक पंचांदेखत घागरी मोजून घेणार होता. बोललेल्या आकड्यात एक जरी कमी पडली, तर ती माणसं सगाईचा गूळ न वाटता उठून जातील, हे तिला चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं हा घोर तिला नव्हता. मोहाची भट्टी पुरुष नाल्यावर लावायचे, बायकांना घरात आलेले भरले डबे तेवढे दिसायचे. पण दारूबंदी आली, गेल्या साली भट्टीच्या धुरानं शिपाई थेट नाल्यापर्यंत आणले, आणि तेव्हापासून तिकडं फिरकायची कुणाची छाती होईना. मग थोरली सून कमली म्हणाली, आमच्या माहेरी मोड आणलेल्या ज्वारीची करतात. भरड घरच्या चुलीवर शिजवायची आणि रांजणात झाकून ठेवायची. बाहेरच्याला वाटतं, कण्या शिजताहेत.

पहिल्या मतदानाच्या साली लग्न होऊन आलेली ही पोर. तीन वर्षांत तिनं उलटं उत्तर दिलं नव्हतं, आणि जमनाबाईला नेमकं त्याचंच भय वाटायचं. इतकं गप्प राहणारं माणूस मनात काहीतरी शिजवत असणार, असा तिचा हिशेब.

पाणी ओततानाच कमली म्हणाली होती,

"बाई, आठ पाह्यजे तर दहा टाका."

"काहून?"

"दाना पानी पेते, बाई. थोडं चुलीवरबी आटते."

"दाना पेते का तुयं माहेर पेते?"

जमनाबाईनं आठाच्या वर थेंब पडू दिला नव्हता.

आता रिकाम्या रांजणापुढं बसल्या बसल्या ते बोलणं तिला आठवलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. चोरी करायच्या आधीच बहाणा तयार! परवा जमनाबाई विहिरीवर गेलेली असताना कमलीचा भाऊ धनसिंग तासभर अंगणात बसून गेला होता, आणि जाताना त्याच्या बैलगाडीत तोंड बांधलेली घागर होती. वाटेत तिनंच ती पाहिली होती.

कमली अंगण झाडत होती. जमनाबाई दारात उभी राहिली.

"परवा तुया भावाच्या गाडीत काय होतं?"

"ताक होतं, बाई."

"ताकाले फडकं कायले बांधा लागते?"

"माशा बसते म्हून."

उत्तर सरळ होतं, म्हणून जमनाबाईला ते जास्तच झोंबलं. मग ती बोलत सुटली. दोन घागरी पळवल्या, पोराची सगाई मोडायला निघाली, अशा सुनेला घरात ठेवून काय करू? हळू बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. शेजारच्या दोन झोपड्यांतल्या बाया बाहेर आल्या, समोरचा फुलसिंग दावं वळता वळता थांबला. तेवढ्यात उद्या पहाटे घागरी न्यायला म्हणून आजच बोलावलेला धनसिंग गाडी घेऊन दारात आला.

"आता घागरी नको नेऊ," जमनाबाई त्याला म्हणाली. "तुयी बहीन घिऊन जाय."

धनसिंगनं बहिणीकडं पाहिलं. कमलीनं झाडू भिंतीला लावला आणि कपडे बांधायला आत गेली. रडली असती, भांडली असती, तर जमनाबाईला बरं वाटलं असतं.

राग कुठंतरी काढायचा म्हणून ती गाळून उरलेल्या दाण्यांच्या, चोथ्याच्या टोपल्याकडं वळली. म्हशीपुढं टाकून मोकळं व्हावं. तिनं वाकून टोपल्याला हात घातला. टोपलं हललं नाही. कंबर सावरून तिनं पुन्हा ओढलं, तरी नाही.

चार दिवसांपूर्वी हेच टोपलं कोरड्या भरडीनं भरून तिनं एकटीनं कमरेवर आणलं होतं.

तिनं मूठभर चोथा घेऊन दाबला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दुसरी मूठ दाबली. तीच गत. जमनाबाई तिथंच खाली बसली. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ एक नीच विचार आला: चोथा म्हैस खाईल, कुणाला काय कळतंय? तिनं मान वर केली. कमली बोचकं घेऊन दारात उभी होती आणि तिच्या ओल्या हाताकडं पाहत होती.

"कमले," जमनाबाई म्हणाली. "हात लाव."

कमलीनं आधी बोचकं नेऊन गाडीत ठेवलं. मग आली. दोघींनी टोपलं उचलून रांजणावर आडव्या काठ्यांवर ठेवलं. कमली थोडं थोडं पाणी चोथ्यावर ओतत गेली आणि पाटानं दाबत गेली. खाली पातळ, पिवळसर धार लागली. भरलेल्या घागरींतली थोडी थोडी काढून ही दुसरी धार तिनं आठही घागरींत सारखी मिसळली. आठवी घागर गळ्यापर्यंत आली, तेव्हा तिनं हात पुसले.

"झाल्या. आता मोजा."

"दिसून राह्यल्या ना मले."

"तुमाले दिसल्या. लोकाइले आयकू आलं पाह्यजे. मघाशी बोलल्या ना, तेवढ्याच जोरानं."

असं उलटून ती या घरात पहिल्यांदाच बोलली होती. कुडापलीकडं बाया अजून उभ्याच होत्या. धनसिंगनं कासरा हातात धरला होता.

जमनाबाईनं पहिल्या घागरीवर हात ठेवला.

"एक," ती पुटपुटली.

कमली गाडीकडं चालू लागली.

"एक!" जमनाबाई ओरडली. "दोन! तीन!" पाचाला तिचा आवाज चिरकला, सहाला डोळे भरले, तरी ती थांबली नाही.

कमलीचा एक पाय चाकावर होता. ती वर चढली नाही, खालीही उतरली नाही. आठापर्यंत तशीच ऐकत उभी राहिली.