बाईंची सम चुकली

विद्यापीठाच्या संगीत विभागात किंकाळी ऐकून कुणी मान वर करत नसे. गायनाच्या बाईंची शिकवणीच तशी. मैफली गाजवून त्या इथे शिकवायला आल्या, तेव्हापासून प्रत्येक नव्या पोरीला आधी जीव तोडून ओरडायला लावत. "घरात दाबलेला आवाज बाहेर काढ, सुराचं मग बघू."

म्हणूनच त्या दुपारी त्यांच्या शिष्येचा नवरा सळई सदऱ्याआड लपवून खोलीत शिरला, आवाज अडवायला जाड गादी ठोकलेलं दार मागं लोटलं आणि पोरगी किंचाळली, तेव्हा व्हरांड्यातली मुलं खुशाल हसली. "आज हिचा गळा मोकळा झाला वाटतं!"

पहिला फटका तंबोऱ्यावर बसला, भोपळा फुटला. दुसरा पोरीच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज बाईंना स्पष्ट ऐकू आला.

"घरी चल, नाहीतर इथेच संपवतो!"

"आधी मला संपव, मेल्या!" बाई मध्ये पडल्या. साठी उलटलेली, पण मोडक्या तंबोऱ्याच्या दांडीनं त्यांनी असा तडाखा हाणला की त्याचा ओठ फाटून रक्ताची चिळकांडी उडाली.

सळई टाकून त्यानं त्यांना भिंतीला दाबलं आणि दोन्ही हातांनी गळा आवळला. अंगठे रुतले. आत काहीतरी काडीसारखं मोडलं. पोरगी एका हातानं त्याला ओरबाडत होती, चावत होती, तो ढिम्म. बाईंची टाच भिंतीवर आपटू लागली. धाड. धाड. धाड.

भिंतीपलीकडे तबलजी रियाज करत होते. बाई पाय आपटत गातात, हे त्यांना कैक वर्षं ठाऊक. नेहमीसारखा त्यांनी ठेका धरला. पण समेवर पाय पडेना. पुढच्या आवर्तनातही नाही. बाईंची सम चुकते म्हणजे काय? तबला जुळवायची हातोडी सवयीनं उचलून ते तणतणत उठले.

देव कुणाच्या रूपात येईल, सांगता येत नाही. त्या दिवशी तो टकल्या, चिडक्या तबलजीच्या रूपात आला, आणि तोही भांडायला.

"अहो बाई, म्हातारपणी ताल..." म्हणत त्यांनी दार ढकललं.

हातोडी नवऱ्याच्या मनगटावर पडली, मग कोपरावर, मग कानाखाली. तो कोसळला तरी ती पडतच होती. शेवटी जमिनीवरच्या बाईंनी तबलजींचा पाय धरला, तेव्हा कुठे थांबली.

पोलीस आले. फौजदारानं विचारलं, "बाई, काय झालं?"

बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. ज्या गळ्यासाठी लोक जागचे हलत नसत, त्यातून एक अक्षर फुटेना.

फौजदार पोरीकडे वळला. तिचा नवरा शुद्धीवर येऊन तिच्याकडेच बघत होता.

"पडलीस ना गं तू? सांग साहेबांना."

आजवर कुणी विचारलं की प्रत्येक वेळी ती पडलीच होती. पोरीनं बाईंच्या काळ्यानिळ्या गळ्याकडे पाहिलं आणि मोडका खांदा सावरत ती उभी राहिली.

"यानं मारलं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मारतोय. लिहा."