बस्त्यावचा आवाज

लग्नानंतरचा आमचा पहिला नाताळ, आणि माझा नवरा बस्त्याव माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हता. भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात त्याचा गळा उघडून स्वरयंत्र काढणार होते, नाताळच्याच संध्याकाळी भरती व्हायचं होतं. म्हणजे बोलायला एवढाच दिवस. आणि हा माणूस, डॉक्टरांनी तारीख दिल्यापासून तोंड शिवून बसलेला! चहा हवा तर कप दाखवायचा, नको तर हात हलवायचा. आत्तापासूनच सवय करत होता.

"अरे, उद्यापासून जन्मभर मुकोच ऱ्हवतलंस ना? आज तरी बोल मेल्या!" मी सकाळीच ओरडले, आणि मग जीभ चावली. कॅन्सर झालेल्या माणसाला मेल्या म्हणतात का? पण आमच्या वेंगुर्ल्यात ते येताजाता तोंडात येतं, आणि मला राग आला की पुढचंमागचं काही सुचत नाही.

आम्ही लालबागला, गावच्या मंडळाच्या खोलीत उतरलो होतो. एरवी तिथे नोकरी करणारे सात-आठ गाववाले राहतात, सगळे हिंदू. पण "तुमचो सण आसा, दोघांच ऱ्हवा" म्हणून ते आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे निघून गेले. खोली सांभाळणारे रामूकाका तेवढे बाहेर गॅलरीत बाकड्यावर बसून होते. त्यांनी गणपतीतली दिव्यांची माळ माळ्यावरून काढून आमच्या दारावर टाकली होती. मी एका ट्रंकेवर सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. झाला नाताळ. रडू येत होतं, पण कुणापुढे रडणार?

बस्त्याव बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. त्याचं पुकारणं म्हणजे काय, हे मला सगळ्या गावाने सांगितलंय. तो ओरडायला लागला की देवळाची घंटा ऐकू येत नसे म्हणे. सांगितलंय, ऐकलेलं मी काहीच नाही. मी माहेरची सावंतवाडीची. मे महिन्यात लग्नाला उभे राहिलो तेव्हाच त्याचा घसा बसलेला. सर्दी झालीय म्हणाला. पाद्रीने विचारलं तेव्हा त्याचा होकार खोबरं किसल्यासारखा खरखरत आला, आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या हसणाऱ्याचा मला अजून राग आहे. सर्दी काही गेली नाही. पावसाळा संपला तेव्हा कळलं की ती सर्दी नव्हतीच.

पण त्याच खरखरत्या आवाजात तो रोज दुपारी बंदरावरून आला की अंगणातून हाक मारायचा, "लविना, दार उघड गो, मी इलंय!" दार सताड उघडंच असायचं. मी चुलीकडून ओरडायचे, "उघडाच आसा! डोळे फुटले काय?" तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुपारी सासूचा फोन आला. बस्त्यावने दोन्ही हात गालाखाली धरले, झोपलोय म्हणून सांग. मी डोळे वटारले, फोन त्याच्या कानाशी नेला, तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"निजलो आसा," मी सासूला सांगितलं.

"उठय गो त्येका. माज्या झिलाचो आवाज एकदा आयकव. उद्या..." सणाच्या दिवशी मी त्या माउलीशी खोटं बोलले आणि फोन ठेवला. मग मात्र माझं डोकं फिरलं. ह्याला बोलतं करायचंच, आणि तो आवाज ठेवून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले होते, नंतर एखादं यंत्र बसवून थोडंफार बोलता येतं. पण तो आवाज यंत्राचा असणार. मला ह्याचा हवा होता.

सासूने नाताळसाठी पाठवलेल्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा काढला. फोन रेकॉर्डिंगला लावून डब्याआड उभा केला आणि गोडगोड हसत विचारलं, "नेवरी कशी झाली? आवशीन तुज्यासाठी मुद्दाम बेदाणे जास्त घातलेत."

त्याने नेवरी तोडली. मग डबा सरकवला आणि फोन दिसला. तो उचलून त्याने गादीवर भिरकावला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचं तोंड उघडलं.

"ह्यो आवाज ठेवतलंस? ह्यो माजो नाय! माजो होतो तो गेलो. ह्या फुटक्या भोंग्याचा काय लोणचा घालतलंस? उद्या पोरांका आयकवतलंस, ह्यो तुमचो बापूस म्हणान?" बोलताना गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याला लाज वाटत होती! मला इतके दिवस वाटत होतं की तो घाबरलाय.

मी पण पेटले. "आणि तुजो तो बरो आवाज कोणी आयकलो रे? गावान आयकलो. बंदरान आयकलो. मी सोडून सगळ्यांनी! माका ह्योच म्हायत. माजा लगीन ह्याच आवाजाशी लागला, समाजलंस? तुका नको तर नको, पण माजो आसा तो!"

मग त्याने चपला घातल्या आणि बाहेर गेला.

"जा! खंय जातंस थंय जा!" मी दार धाडकन लावलं आणि कडी घातली.

कडी घातली आणि मग आठवलं. ऑपरेशन त्याला मुळात नकोच होतं. हॉस्पिटलची फाईल इथे, कपड्यांची पिशवी इथे, आणि तो खाली लालबागच्या गर्दीत. बसला एखाद्या गाडीत आणि गेला निघून, तर ह्या एवढ्या मुंबईत मी त्याला कुठे शोधू? मी जमिनीवरच बसले. सायबिणी, तो बोलला नाही तरी चालेल गं, पण त्याला परत आण, त्याला जगव. नवसाला काय बोलू तेही सुचेना. गॅलरीत काही वाजत नव्हतं.

मग चपला वाजल्या. दाराशी येऊन थांबल्या.

"फोन चालू केलंस?" बाहेरून त्याने विचारलं.

मी गादीवर झेप घेतली. दोनदा भलतंच काहीतरी दाबलं गेलं. "केलंय," मी म्हटलं.

तो खाकरला. आणि मग अंगणातून यायची तशीच, तीच खरखरती हाक आली.

"लविना, दार उघड गो, मी इलंय!"

मी कडीवर हात ठेवला. एका हातात फोन, एका हातात कडी.

"लविना! दार उघड गो!"

"उघड गो बाय," रामूकाका बाकड्यावरून म्हणाले, "मगाचपासून बिचारो बोंबलता."

मी उघडलं नाही. उघडलं की तो आत येणार, आणि हाक थांबणार. त्याचा घसा फाटत होता, मध्येच आवाज तुटत होता, तरी तो पुन्हा सुरुवात करत होता. मी डोळे पुसत कडी घट्ट धरून उभी राहिले.

"मी इलंय गो," तो म्हणाला. "लविना, मी इलंय."