थंडीत उतरलेला सूर

मी एक जुना लोखंडी गज आहे. हातभर लांब, एका टोकाला काळा आणि दुसऱ्या टोकाला चिंध्या गुंडाळलेला. मित्रांनो, मी जन्मलो तो खिडकीसाठी. गुंजवणे गावाजवळच्या एका घराच्या खिडकीत मी बरीच वर्षं उभा होतो. धरणाचं पाणी येणार म्हणून ते घर उतरवलं, तेव्हा रतन नावाच्या शेतकऱ्याने मला उचलून नेलं. माझं टोक घासून निमुळतं केलं आणि सरळ चुलीत घातलं! तेव्हापासून मी तापतो आणि बांबूला भोकं पाडून बासऱ्या घडवतो.

रतन बासऱ्या करतो त्या थंडीतच. भाताची झोडणी उरकल्याशिवाय त्याचे हात मोकळे होत नाहीत. पण बांबूला नेमकी थंडीच सोसत नाही. कोरड्या हवेत तो तडकतो, म्हणून रतन त्याला तेल पाजतो, दोरा गुंडाळतो. माझीही तीच गत. चुलीपासून ओसरीपर्यंत येतो तोवर माझी लाली उतरते आणि एका भोकासाठी तीनदा चुलीत जावं लागतं. मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दुपारी छान वाजणारी बासरी सकाळी खालच्या सुरात का बोलते? तिचा सूर जातो कुठे? मी तिच्या पोटात डोकावून आलेला, तरी मला तो कधी सापडला नाही.

त्याचं उत्तर यंदाच्या जानेवारीत मिळालं.

रतनची मुलगी गायत्री भोरला कॉलेजात शिकते. गॅदरिंगमध्ये ती पहिल्यांदाच पेटीबरोबर बासरी वाजवणार होती आणि चार दिवस आधी तिची बासरी थंडीने उभी चिरली. सूर जुळला नाही तर नाव वगळावं लागेल, असं सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. घरात त्या मापाचे, नीट वाळलेले दोनच बांबू उरले होते. गायत्रीने पेटीचे सूर मोबाईलवर भरून आणले आणि रतन भल्या सकाळी कामाला बसला. अंगणात दहिवर पडलेलं होतं.

"लई खाली बोलतीय," बासरी फुंकून रतन म्हणाला. "भोकं मोठी कराया पायजेत."

मी तयारच होतो. तापलेल्याला दम कुठला! चर्र चर्र करत मी एकेक भोक वाढवलं. सूर मोबाईलशी जुळले तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दुपारी ओसरीवर ऊन आलं, गायत्रीने तीच बासरी वाजवली, तर प्रत्येक सूर पेटीच्या वर! एकदा जाळलेला बांबू काही परत येत नाही. रतनने ती बासरी बाजूला ठेवली. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी शेवटच्या बांबूची बासरी झाली. तीही खालीच बोलू लागली. रतनने मला पुन्हा चुलीतून ओढलं.

"आबा, थांबा!" गायत्री म्हणाली. "काल सकाळी खाली, दुपारी वर. भोकं तर तीच व्हती. मग बदललं काय?"

रतन थबकला. "ऊन," तो हळूच म्हणाला. "गारठलीय व्हय गं ही?"

गायत्रीने बासरी शालीत गुंडाळून पोटाशी धरली. मग सावकाश, लांब फुंकर घालत राहिली. सूर हळूहळू वर चढले. तो हरवलेला सूर थंडीने आखडून बसला होता तर! शेवटी एकच भोक थोडं कमी पडत होतं. तिथे रतनने मला जेमतेम टेकवलं. इतकं थोडं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

गॅदरिंगहून आल्यावर गायत्री दारातूनच ओरडली, "जुळला, आबा! सर इचारत व्हते, बासरी कुनी केली म्हनून."

"मग?"

"माज्या बापानं, आनि कुनी!"

 रतन डोळे पुसत आत गेला.

मित्रांनो, थंडीत बासरीला तेल लावा, तिला उघड्यावर टाकू नका. आणि कुणाचाही सूर उतरलेला दिसला, तर तापून त्याच्या अंगावर धावू नका. आधी त्याला ऊब द्या. मला हे कळेपर्यंत एक बासरी गेली होती.