आठव्या रकान्यातली शाळा

चष्मेवाल्यांना गल्लीत सगळे चष्मेवालेच म्हणत, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. वीस-बावीस वर्षं लोकांच्या नाकावर काचा बसवून त्यांचा असा पक्का समज झाला होता, की या जगात नीट दिसतं ते आपल्याला एकट्यालाच. बाकीचे सगळे आपल्याकडे येतात ते काय उगाच?

त्यांना एकच लेक. घरात तिला ठमी म्हणत. मुलगी अभ्यासात हुशार, पण बोलायला कंजूस. दिवसाला दहा शब्द तिला पुरत. तिची आठवी संपत आली आणि शिक्षण कार्यालयाकडून घरी एक पुस्तिका आली. सरकारी माध्यमिक शाळांतले विशेष अभ्यासक्रम, पानं चौसष्ट. एका शाळेत विज्ञान, एकीत आरोग्यसेवा, एकीत परकीय भाषा, एकीत विमानांची देखभाल. साधी शाळा म्हणून काही उरलीच नव्हती. उरली होती ती ज्यांना कुठेच घेतलं नाही त्यांच्यासाठी, आणि तिचं नाव पुस्तिकेत शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर होतं.

चष्मेवाल्यांचा निर्णय अर्थातच पुस्तिका उघडण्याआधीच झालेला होता. विज्ञान. त्याला कारण त्यांचे मेहुणे. मेहुण्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी विज्ञानाला लागला, तेव्हापासून मेहुण्यांना दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं आज उकडतंय, तर ते म्हणायचे, "उकडतं का, ते विचारा आमच्या चिरंजीवांना, विज्ञान शाळेत हेच चाललंय सध्या." चिरंजीवांना दोन वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं. नातेवाइकांत ती बुद्धीची खूण मानली जात होती.

निर्णय झाला म्हणून काय, कामात कसूर करायची? चष्मेवाल्यांनी एका मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता आखला. सात शाळा, अकरा निकष. ठमीला घेऊन ते सातही शाळा बघून आले. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांनी सांगितलं, की प्रत्येक मूल वेगळं असतं, आणि मग सगळ्यांना एकसारख्या खुर्च्यांवर बसवून एकसारखी चित्रफीत दाखवली. भाषांच्या शाळेत दारातच एका मुलीने चार भाषांत स्वागत केलं. चष्मेवाल्यांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं, तर त्याचं उत्तर तिला एकाही भाषेत देता येईना. त्यांनी तिथल्या तिथे दोन गुण कापले.

ठमीला काय हवंय हे विचारायचं राहिलं, असं कुणी म्हणू नये. विचारलं होतं. "तुला विज्ञानच हवंय ना?" असं विचारलं होतं.

अर्ज भरायला एका रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. सगळे म्हणजे चष्मेवाले, ठमी आणि ठमीची आई. ती रुग्णालयात परिचारिका होती, सकाळची पाळी संपवून नुकतीच आली होती आणि कोपऱ्यात पाय वर घेऊन जेवत होती. अर्जात आठ रकाने होते. प्रत्येकात शाळेचं नाव, पसंतीचा आकडा आणि "हा अभ्यासक्रम का हवा" याला दोन ओळी. सात रकान्यांची कारणं चष्मेवाल्यांनी सांगितली, ठमीने लिहिली. लहानपणापासून ग्रहताऱ्यांची ओढ, लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ, लहानपणापासून विमानांची ओढ. एवढ्या ओढींत ते लहानपण फाटलं कसं नाही, याचंच नवल. विज्ञानासमोर त्यांनी स्वतःच्या हाताने ठसठशीत एक लिहिला आणि पुढे दोन, तीन करत गेले.

"आठवा रिकामा आहे," ठमी म्हणाली.

"सोड ना मग."

"रकाना रिकामा ठेवला तर अर्ज घेणार नाहीत."

"मग टाक काहीतरी. मिळतोय कुठे आठवा!"

ठमीने पुस्तिका न उघडताच लिहिलं: पाणीपुरवठा व पंपतंत्र. खाली दोन ओळी लिहिल्या, त्या तिला कुणी सांगितल्या नाहीत. चष्मेवाल्यांनी त्यापुढे आठ लिहिला आणि ते ठमीच्या फोटोकडे वळले. फोटो साडेतीन सेंटिमीटरचाच हवा होता, आणि पट्टी लावली तर तो किंचित जास्त भरत होता.

तोवर ठमीने अर्ज उलटा केला.

"बाबा, मागच्या पानावर लिहिलंय—"

"मागचं पान मागाहून. आधी फोटो."

"बाबा, ते आकडे—"

"आकडे मला शिकवतेस? दिवसभर काय करतो मी दुकानात?"

"पण आठ म्हणजे सगळ्यात—"

"सगळ्यात खाली. ठमे, एक म्हणजे पहिला, आठ म्हणजे शेवटचा, हे तुला आता शाळा निवडताना सांगायचं का? गप्प बस जरा, हात हलतोय माझा."

ठमी गप्प बसली. तिला तशी सवयच होती. पण या वेळी ती अर्जाकडे बराच वेळ बघत राहिली, मग तो हळूच सुलटा करून बापापुढे सरकवला. चष्मेवाल्यांनी फोटोची कड केसाएवढी कापली, डकवला, आणि खाली "सर्व सूचना वाचल्या आहेत" या ओळीवर झोकात सही ठोकली.

निकालाचं पाकीट दोन महिन्यांनी दुकानात आलं. तेव्हा समोर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, नाकावर तपासणीची जड चौकट. चष्मेवाल्यांनी पाकीट फोडलं, वरचं "अभिनंदन! आपल्या पाल्यास सर्वाधिक पसंतीचा अभ्यासक्रम मिळाला आहे" एवढं वाचलं आणि त्यांना आनंद आवरेना. म्हणाले, "बाई, आज अक्षरांचा तक्ता राहू द्या. आज हे वाचून दाखवा. मोठ्याने!"

बाईंनी पत्र हातभर लांब धरलं. "पाणीपुरवठा व पंपतंत्र," त्यांनी वाचलं.

चष्मेवाल्यांनी काच बदलली. "आता?"

"पाणीपुरवठा व पंपतंत्र."

त्यांनी आणखी एक काच घातली. "आता बघा बरं. ते विज्ञान असेल."

"अहो, आता तर फारच स्वच्छ दिसतंय," बाई खूश होऊन म्हणाल्या. "पंपतंत्रच आहे. ह्याच नंबरचा करा माझा चष्मा."

दुकान अर्ध्यावर टाकून ते शिक्षण कार्यालयात पोचले. खिडकीतल्या बाईंनी त्यांचं सगळं भाषण ऐकून घेतलं, अन्याय या शब्दापाशी एकदा जांभई दिली, आणि कपाटातून अर्ज काढून उलटा ठेवला.

"सूचना चार वाचा."

सूचना चार बारीक अक्षरात होती, पण चष्मेवाल्यांसमोर अक्षरं बारीक असण्याचं निमित्त कोण चालवून घेणार? "पसंतीचे गुण एक ते आठ यांत द्यावेत. ज्या अभ्यासक्रमाला सर्वाधिक पसंती, त्याला आठ गुण."

"ही सही कुणाची?"

"माझी," चष्मेवाले म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

"दर वर्षी येतात दोन-चार जण," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात तेवढ्यापुरती माया आली. "तीन दिवसांत दुरुस्ती करता येते. मुलीला गुण चांगले आहेत, विज्ञानाला जागाही आहे. पण अर्ज मुलीच्या अक्षरात पाहिजे. तुमच्या नाही."

घरी आल्या आल्या त्यांनी ठमीला समोर उभं केलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं."

"तीनदाच," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी ऐकत होते."

"मग तू का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही वाचताय."

चष्मेवाले पाणी प्यायले. ठमी अजून तशीच उभी होती. "चौथ्यांदा सांगायला हवं होतं, बाबा," ती म्हणाली. "ते नाही सांगितलं. ते मुद्दाम."

तेवढ्यात मेहुण्यांचा फोन आला. मेहुण्यांना बातमी कशी लागते हा वेगळा विषय आहे. "पंप?" ते हसत होते. "म्हणजे भाची आता नळ दुरुस्त करणार का आमचे?" चष्मेवाल्यांनी सांगितलं, की कार्यालयाचा घोळ आहे, दोन दिवसांत निस्तरतो.

दुसऱ्या दिवशी निवड झालेल्या मुलांना पंपतंत्राची शाळा बघायला बोलावलं होतं. जाण्यात अर्थ नव्हता, पण ठमी म्हणाली, "बघून तरी येऊ." चष्मेवाल्यांना पटलं. शाळेतले दोष नोंदवून घेतले तर अर्ज भक्कम होईल. त्यांनी वही घेतली.

शाळेच्या मागे एक लांबलचक शेड होती. आत रंगवलेले पाइप भिंतीभर धावत होते, त्यांच्या टोकाला एक चालू पंप घरघरत होता आणि मधोमध दुसरा एक जुना पंप उभा कापून ठेवला होता, त्याचं पोट उघडं दिसावं म्हणून. शिकवणाऱ्या बाईंच्या बाह्या कोपराच्या वर होत्या आणि हाताला काळं लागलं होतं. त्यांनी हातातल्या कागदांवरून नजर वर केली.

"'आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पाणी का चढत नाही, हे मी तीन माणसांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली. मला खरं उत्तर हवंय.' हे कुणी लिहिलंय?"

ठमीने हात वर केला. चष्मेवाल्यांनी या दोन ओळी आज पहिल्यांदा ऐकल्या. त्या तिघांत आपणही होतो, हेही त्यांना आठवलं. "महापालिकेचा नालायकपणा" हे उत्तर त्यांचं.

"ये," बाई म्हणाल्या. "इथेही वरच्या नळाला पाणी चढत नाही. दाब मोज, आणि कारण तूच शोध."

पुढचा पाऊण तास ठमी त्या पाइपांत होती. पहिल्यांदा तिने साफ चुकीचं सांगितलं. बाई "नाही" म्हणाल्या आणि दुसरीकडे निघून गेल्या. ठमी पुन्हा खालपासून वरपर्यंत मोजत गेली, मग बाईंना शोधून आणलं आणि वाद घालू लागली. वाद! दहा शब्दांत दिवस काढणारी मुलगी हातवारे करत सांगत होती, की मधल्या वळणावर पाइप अरुंद केलाय, दाब तिथेच मरतोय, तुमचा पंप ठीकच आहे. बाई तिला अडवत होत्या, ती ऐकत नव्हती. चष्मेवाले घाईघाईने पुढे झाले, लेक मोठ्यांशी असं बोलते म्हणून माफी मागायला. पण त्या दोघींपैकी कुणाचंही त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

वहीत त्यांनी सुरुवातीला "१. छप्पर पत्र्याचं" असं लिहिलं होतं. दोन आकडा घातला होता, पण त्यापुढे काही आलं नाही.

म्हणून त्यांचं मन लगेच बदललं, असं समजायचं कारण नाही. चष्मेवाल्यांचं मत एवढ्या स्वस्तात बदलत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठमीला कागद दिला. "लिही. माननीय महोदय."

तिने लिहिलं.

"अर्ज भरताना चूक झाल्याने..."

"कुणाची?"

चष्मेवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नजरचूक लिही."

"बरं." तिने लिहिलं. मला विज्ञान अभ्यासक्रमच मनापासून हवा आहे, हेही लिहिलं. सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. वाद नाही, रडणं नाही, काही नाही.

दुपारी ते खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहिले. पुढे सात माणसं होती, वेळ होता, म्हणून त्यांनी कागद उघडला. अक्षर सुरेख. एक खाडाखोड नाही. त्यांनी सांगितलेला एकेक शब्द जागच्या जागी होता. कुठे शाई फुटलीय का, डाग पडलाय का, हेही त्यांनी उजेडात धरून पाहिलं. डाग असता तर बरं झालं असतं, नाटकं करते म्हणून रागावता आलं असतं. पण कागद स्वच्छ होता. पाऊण तास भांडणारी ती मुलगी त्यात कुठेच नव्हती. "मनापासून" हा शब्द मात्र होता, तिच्या सुरेख अक्षरात, आणि त्यांचं लक्ष सारखं त्या शब्दाकडे जात होतं.

"द्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"बाई, हा नाही दिला तर काय होईल?"

"काय व्हायचंय? आहे तेच राहील."

"बस?"

"बस. तुमचं संपलं असेल तर मागच्यांना येऊ द्या."

चष्मेवाल्यांनी कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि बाजूला झाले. पायऱ्या उतरताना त्यांना दोनदा वाटलं, की परत फिरावं. दुसऱ्या वेळी ते खरंच थांबले, मागे वळून रांग केवढी झालीय ते बघितलं, आणि एवढ्या रांगेत कोण उभं राहणार असं स्वतःला सांगून खाली उतरले. रांगेत तेव्हा तीन माणसं होती.

घरी बायकोने विचारलं, "दिला?"

"खिडकी बंद होती."

"खिडकी पाचला बंद होते. आत्ता सव्वातीन वाजलेत."

"मग आज लवकर केली असेल. सरकारी काम, त्यांचा काय भरवसा!" चष्मेवाले मोठ्या आवाजात म्हणाले. बायकोने त्यांच्या वरच्या खिशाकडे पाहिलं, तोंडात आलेलं गिळलं आणि भांडी लावायला लागली. ती परिचारिका होती. कुठल्या जखमेला हात लावायचा नसतो, ते तिला कळत होतं.

ठमी दारात उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बाबा, त्या शेडमध्ये जाड तळव्याचे बूट लागतात, पुस्तिकेत लिहिलंय," ती म्हणाली. "सोमवारपासून."

"मिळतात कुठे असले बूट?"

"बाजाराच्या मागे. मी बघून ठेवलंय."

"कधी?"

"अर्ज भरला त्या आठवड्यात."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग चपला पायात सरकवल्या. "चल," ते म्हणाले, "संध्याकाळचं दुकान उघडायच्या आत जाऊन येऊ." जिन्यावर ते सवयीने पुढे निघाले, आणि खाली फाटकापाशी, डावीकडे की उजवीकडे ते ठाऊक नसल्याने, तिची वाट बघत थांबले.