सहावं रीळ

व्यंकोबानं एकवार स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मीटरखालच्या फळीवरचा पांढरा फ्यूज उपसला आणि शर्टाच्या खिशात टाकला. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, टीव्हीवरचं निळं चित्र विझलं. एकाहत्तराव्या वर्षी हा पोरखेळच होता. पण ज्यानं आयुष्यभर थिएटरच्या केबिनमध्ये यंत्रं चालवली, त्याला ती बंद कशी पाडायची हे कुणी शिकवावं लागत नाही.

"काकी, करंट गेला," नंदिता म्हणाली. नंदिता अंबुजाअक्कांच्या दिराची मुलगी. बंगळुरूला नोकरी करायची, कालच आली होती आणि येताना तो चित्रपट घेऊन आली होती. स्वच्छ केलेला, धुऊन पुसून नवा केलेला, खाली इंग्रजी अक्षरं असलेला.

अंबुजाअक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. शहात्तर वर्षांची बाई, पण डोळा घारीचा. शेजारच्या घरात ग्राइंडर घरघरत होता. त्यांनी तो ऐकला, मीटरकडे पाहिलं, मग व्यंकोबाच्या खिशाकडे.

"खिशात काय रे?"

"कांही नाही, अक्का."

अक्कांनी हात पुढे केला. व्यंकोबानं फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला आणि मान खाली घातली. चोरी पकडली गेल्याचं त्याला काही वाटलं नाही, भीती होती ती पुढे काय होणार याची.

"नवीन नोको," तो म्हणाला. "आपली जुनी डिस्कच बघूं. चंद्रमौळी अण्णा तीच लावत."

"पोरीनं हौसेनं आणलंय. जुनं तर दरवर्षी बघतोंच," अक्का म्हणाल्या. "तूच लाव तो फ्यूज. आणि जेवण?"

"झालं, अक्का."

हे 'झालं' तो गेली एकोणचाळीस वर्षं म्हणत आला होता. या घरी त्यानं कॉफी घेतली असेल हजार वेळा, पण पानावर तो कधी बसला नव्हता. अक्कांनीही आग्रह सोडून दिला होता. फक्त विचारायचं तेवढं विचारत.

त्या चित्रपटाला तमिळ मुलखातल्या कुंभकोणम्‌मध्ये सगळे 'होडीचं पडम', म्हणजे होडीचा सिनेमा, म्हणत. खरं नाव उच्चारायला जीभ वळत नसे आणि भाषा तर कुणालाच कळत नसे, कारण ती पार पूर्वेकडची कुठली तरी. पहिला पाऊण तास एक बाई होडीला डांबर फासते. मग तिची नऊदहा वर्षांची मुलगी नदीकडे बघते. मग नदी दिसते, बराच वेळ. अंबुजाअक्कांचे यजमान चंद्रमौळी कॉलेजात शिकवत आणि गावातली फिल्म सोसायटी चालवत. त्यांनी हा चित्रपट आणला तेव्हा वकील, डॉक्टर, प्राध्यापक सगळे आले, आणि तो संपल्यावर सगळ्यांनी तोंड भरून वाखाणला. आवडला म्हणाल तर एकालाही नाही. पुढे वितरकाचा धंदा बुडाला, रिळांच्या पेट्या न्यायला कुणी आलं नाही, आणि त्या व्यंकोबाच्या थिएटरच्या माळ्यावरच राहिल्या. मग दरवर्षी त्याच दिवशी तो लागू लागला. लोकही येत राहिले. कडू काढा आपण दरवर्षी का घेतो हे कुठे कुणाला सांगता येतं!

तो दिवस म्हणजे तमिळ आडी महिन्याचा अठरावा. कावेरीला नवं पाणी आलेलं असतं. बायका चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात करून घाटावर नेतात, आधी नदीला दाखवतात आणि मगच जेवतात. एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच दिवशी चंद्रमौळी आणि अंबुजा यांची एकुलती मुलगी पवित्रा, नऊ वर्षांची, घाटाच्या टोकाला पाण्यात गेली आणि संध्याकाळी दोन मैल खाली सापडली.

पुढल्या वर्षी तो दिवस घरात कसा काढायचा म्हणून चंद्रमौळींनी नेमका त्याच दुपारी खेळ ठेवला. आपण काय आणलंय हे त्यांनी पाहिलं नव्हतं, फक्त मासिकांतून वाचलं होतं. पडद्यावरची मुलगी बुडाली तेव्हा ते धडपडत उठले, बायकोला बाहेर न्यायला. अंबुजानं त्यांचं मनगट धरून खाली बसवलं. आणि पुढच्याच रिळात ती बुडालेली मुलगी घरात आली, पाटावर बसली, आणि आई तिला भात वाढू लागली.

दुसऱ्या दिवशी रिळं गुंडाळताना व्यंकोबाच्या लक्षात आलं की पाचव्या आणि सहाव्या डब्यांच्या आकडे लिहिलेल्या झाकणांची मागच्या गावी कुणीतरी अदलाबदल केली होती. जेवणाचं रीळ पाचवं होतं, बुडण्याचं सहावं. त्यानं झाकणं बदलायला घेतली, तेवढ्यात चंद्रमौळी केबिनचा जिना चढून आले. त्यांचे डोळे भरलेले होते.

"व्यंकोबा, काल घरी आल्यावर ती पानावर बसली. वर्ष झालं, असं पोटभर जेवली नव्हती. काल जेवली."

व्यंकोबानं झाकणं आहेत तशीच लावून टाकली. नंतर चंद्रमौळींनी या चित्रपटावर तमिळ त्रैमासिकात अकरा पानी लेख लिहिला, की दिग्दर्शकानं काळाची मोडतोड करून मृत्यूलाच जेवायला बसवलं आहे. दरवर्षी खेळाआधी ते हेच पाऊण तास सांगत आणि व्यंकोबा केबिनच्या भोकातून खालच्या डोक्यांकडे पाहत राही. थिएटर बंद पडलं, रिळांवरून डिस्क करून घेतली, तीही त्याच क्रमानं. दोन वर्षांपूर्वी चंद्रमौळी वारले. त्यांना कळलं नाही हे बरं झालं की वाईट, याचा व्यंकोबाला अजून उलगडा झालेला नव्हता.

आणि आज ही पोर खरा क्रम घेऊन आली होती.

फ्यूज बसला, पंखा फिरू लागला. नंदिता अक्कांच्या शेजारी बसून खालची अक्षरं घरच्या मराठीत सांगत होती. आत ओट्यावर तीन भात झाकून ठेवलेले होते. अक्का स्वतः घाटावर कधी जात नसत. चित्रपट संपला की कुणीतरी द्रोण भरून नदीला दाखवून यायचं आणि मग त्या सकाळपासूनचा उपास सोडायच्या, असा रिवाजच पडून गेला होता.

होडीला डांबर फासून झालं. मुलगी नदीकडे बघून झाली. व्यंकोबाला पायांत मुंग्या आल्या तरी तो हलला नाही.

आणि मुलगी पाटावर बसली.

अक्का पुढे वाकल्या. "हें अत्तां कसं आलं?" त्या म्हणाल्या. "अजून बुडाली कुठे?"

"आई म्हणते, आणखी घे," नंदिता सांगत होती. "मुलगी म्हणते, पुरे. आई म्हणते, नदीवर जायचंय, भूक लागेल."

मुलगी उठली, हात धुतले, बाहेर गेली. होडी, पाणी, पुन्हा पाणी. मग ती बुडाली. मग रिकामा काठ, त्यावर आई, आणि चित्रपट संपला.

टीव्हीवर नावं वर सरकत राहिली. नंदिता एकदा काकीकडे, एकदा व्यंकोबाकडे बघत होती. आपण काहीतरी भलतंच केलं एवढं तिला कळलं होतं, पण काय, ते कळत नव्हतं.

"जेवायला आली कुठे ती?" अक्का म्हणाल्या. "बुडाल्यावर यायची ना? यांनी तें कापलं की काय?"

"कापलं नाही," व्यंकोबा म्हणाला. "हेंच खरं आहे, अक्का. झाकणं बदललेलीं होतीं. पहिल्या वेळीं माझी चूक झाली. मागाहून मी जाणून तसंच लावलं. तुम्ही जेवलांत म्हणोन."

व्यंकोबाला वाटलं होतं, अक्का रागावतील, किंवा रडतील. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांकडे बघत बसल्या.

"मला तें पडम कधी आवडलं नाही," त्या म्हणाल्या. "एकदांही नाही. तरी म्हणायचें, जावं. कां माहीत आहे? ती बाई मजसारखी, असं वाटायचं."

"मजसारखी म्हणजे?" नंदितानं विचारलं.

"त्या दिवशीं सकाळीं पवित्रानं दहीभाताला हात लावला. मी हातावर मारलं. म्हटलं, नदीला दाखवल्याबिगर एक शीत मिळणार नाही. ती रुसून गेली. भुकेली गेली." अक्कांनी टीव्हीकडे हात केला. "हिनंही लेकीला तशीच धाडली असणार, म्हणोन लेक परत आली जेवायला, असं मी म्हणत होतें. एवढीं वर्षं. अत्तां बघतें तर हिनं पोट भरून धाडलं होतं. ही मजसारखी नव्हतीच."

हे व्यंकोबा आज पहिल्यांदा ऐकत होता. एकोणचाळीस वर्षं तो या घराच्या दु:खाच्या आसपास वावरला होता, त्यासाठी रिळं उलटसुलट लावली होती, आणि आतलं खरं दु:ख कोणतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्यापाशी होतं ते त्या दिवसाचं भलतंच काही. ते त्यानं इतकं खोल गाडलं होतं की ते कुणाच्या उपयोगाचं असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची चीड आली.

"भुकेली नव्हती, अक्का."

अक्कांनी मान वर केली.

"त्या दिवशीं केबिनला आली होती. मॅटिनीच्या आधीं. म्हणाली, अम्मा जेवण देत नाही. माझ्या डब्यांत दहीभात होता. झाकणांत घालून दिला. दोनदां घेतला."

अक्का त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू हा कुणी नवाच माणूस दारात आला आहे.

"तोंडीं लावायला काय होतं?"

"ईडलिंबाचं लोणचं."

"तें ती खात नसे."

"होय. झाकणाच्या कडेला काढून ठेवलं. म्हणाली, मामा, हें तुम्हीच खा."

अक्कांनी डोळे मिटले.

"सगळं सांगतों," व्यंकोबा म्हणाला. आता थांबलो तर पुन्हा बोलणं होणार नाही हे त्याला कळत होतं. "मीच म्हटलं, जा आतां, अम्मा घाटावर आल्या असतील, वाट बघतील. मी तिला तिकडं धाडली. तुम्ही तोंवर घरींच होतांत, हें मला काय ठाऊक. कुणी विचारलं नाही, मी बोललों नाही. अण्णा केबिनला यायचे, तेव्हां रोज म्हणायचों, आज सांगूं."

ग्राइंडर केव्हाच थांबला होता. रस्त्यावरून स्वामीमलैची बस गेली, तिच्या हॉर्ननं खिडकीची काच थरथरली. अक्का उठल्या. आधाराला भिंत धरत त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, मग नळाचा. व्यंकोबानं चपला घालायला पाय पुढे केला. निघून जाण्याखेरीज आणखी काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. जायचं तरी कुठे, हेही नाही.

"चपला काढ," आतून आवाज आला. "नंदिता, तीन पानं मांड."

नंदितानं पाट ठेवून केळीची पानं पुसून मांडली. अक्का दहीभाताचं पातेलं घेऊन आल्या. लोणच्याची बरणी त्यांनी आणली नव्हती. व्यंकोबा पानासमोर उभाच होता, गुन्हेगारासारखा. अक्कांनी डोळ्यांनीच पाटाकडे खूण केली, तेव्हा तो बसला.

त्यांनी वाढायला पळी बुडवली. नंदितानं आतून रिकामा द्रोण आणून दाखवला.

"काकी, नदीला अजून दाखवलं नाही."

"राहूं दे," अक्का म्हणाल्या आणि भात व्यंकोबाच्या पानावर घातला. "भुकेला आहे तो. आधीं जेवूं दे."